बुलंद दरवाजावरील ईसा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले होते. गुरुजी आम्हाला इतिहास शिकवीत. वहीत चूक झाली की ती गिरवून काळी करणे त्यांना खपत नसे. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारावी आणि शेजारी बरोबर शब्द लिहावा, म्हणजे आपण काय चुकलो होतो हे उद्याही दिसते, असे ते म्हणत. आजच्या भाषणासाठी विषय निवडताना गुरुजींची ती रेघ माझ्या डोळ्यांपुढे होती. कारण आज मी जे सांगणार आहे ते माझ्याच एका जुन्या चुकीच्या शेजारी लिहिलेले आहे, आणि ती चूक आपल्या ग्वाल्हेरच्या काही विद्यार्थ्यांच्या वह्यांत अजूनही असण्याचा संभव आहे.

१९८८ साली महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी फत्तेपूर सिक्रीला गेलो होतो. बुलंद दरवाजाच्या पायऱ्या चढून आम्ही वर आलो. तेथल्या वाटाड्याने कमानीवरील फारसी कोरीव लेखाकडे बोट दाखविले आणि त्याचा अर्थ हिंदीत सांगितला. त्या लेखात अकबराच्या दक्षिणेतील आणि खानदेशातील विजयाची नोंद आहे. १६०१ साली आपल्या बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड त्याच्या हाती आला, त्या मोहिमेचा हा स्मारकलेख. परंतु त्या विजयाच्या जोडीला एक वेगळेच वचन तेथे कोरलेले आहे, आणि ते मरियमपुत्र ईसाचे म्हणून दिलेले आहे. आशय असा की, हे जग म्हणजे ओलांडून जाण्याचा पूल आहे, त्यावर कोणी घर बांधू नये. आमच्यातील एका विद्यार्थिनीने, ती याच शाळेतून महाविद्यालयात आली होती, लगेच विचारले, "सर, मशिदीच्या दरवाजावर येशू ख्रिस्ताचे वचन कसे काय?"

मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले. अकबराच्या दरबारी गोव्याहून जेझुइट पाद्री आले होते, त्यांच्या तोंडून त्याने हे वचन ऐकले असणार. बादशहा उदार वृत्तीचा, म्हणून त्याने परधर्मातील वचनही आपल्या दरवाजावर कोरविले. मुलांनी ते उतरवून घेतले. उत्तर नेटके होते, त्यात सर्वधर्मसमभाव होता, गोवा होता. पुढे अनेक वर्षे मी ते वर्गात सांगत राहिलो, एका लेखातही लिहून बसलो.

निवृत्तीच्या आगेमागे एकदा फारसीच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांजवळ मी ही हकीकत मोठ्या उत्साहाने सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की, हे वचन बायबलच्या कोणत्या पुस्तकात आहे? घरी येऊन मी मराठी बायबल उघडले. मत्तय, मार्क, लूक, योहान ही चारही शुभवर्तमाने चाळली. वचन कोठेही नव्हते. पुढच्या भेटीत त्यांनी इमाम गझालींच्या 'इह्या' या ग्रंथाचा उर्दू अनुवाद माझ्यापुढे ठेवला. त्यात जगाच्या मोहाविषयीच्या प्रकरणात ते वचन ईसाच्या नावाने दिलेले होते. गझाली ११११ साली निवर्तले. म्हणजे जेझुइटांचे पाऊल सिक्रीत पडण्याच्या निदान साडेचारशे वर्षे आधीपासून मुसलमान विद्वान हे वचन आपल्या ग्रंथांत वाचत होते. ते ज्याला मी परधर्मातून आणलेले पाहुणे समजत होतो, ते त्या घरातलेच होते.

येथून माझ्या वाचनाला निराळे वळण लागले. इस्लामचा ईसा कोण, आणि तो ख्रिस्ती लोकांच्या येशूहून किती जवळ व किती दूर आहे, हा प्रश्न मी प्रथमच नीट समोर घेतला.

कुराणात पंचवीस प्रेषितांची नावे येतात. त्यांतील बहुतेकांना मराठी बायबलचा वाचक ओळखतो, फक्त नावांचा वेष बदललेला असतो. नोहा तेथे नूह होतो, अब्राहाम इब्राहिम होतो, मोशे मूसा, दावीद दाऊद, योना यूनुस, जखऱ्या झकरिया आणि बाप्तिस्मा देणारा योहान याह्या. हूद आणि सालेह यांसारखी थोडी नावे मात्र अरबी भूमीची. मूसाचा उल्लेख तर सव्वाशेहून अधिक वेळा येतो, ईसाचा नावाने पंचवीस वेळा. आणि स्वतः मुहंमद हे नाव मात्र अवघे चार वेळा. मरियम ही कुराणात नावाने उल्लेखिलेली एकमेव स्त्री आहे, आणि एकोणिसाव्या सूरेला तिचेच नाव आहे. प्रेषितांमध्ये एकाला मानावे व दुसऱ्याला नाकारावे असा भेद करू नये, अशी कुराणाची स्पष्ट आज्ञा आहे. त्यामुळे ईसाला मान देणे हे मुसलमानाच्या दृष्टीने परक्यावर केलेले उपकार नव्हेत. ते त्याच्या श्रद्धेचे अंगच आहे. ईसाला न मानणारा मुसलमान ही गोष्टच संभवत नाही.

परंतु तो ईसा कसा आहे? कुमारी मातेच्या पोटी जन्मलेला आहे. खजुरीच्या झाडाखाली, एकाकी, वेदनांनी व्याकूळ झालेल्या मरियमने त्याला जन्म दिला आहे. पाळण्यातच तो बोलतो, आंधळ्यांना दृष्टी देतो, देवाच्या आज्ञेने मृतांना उठवितो. त्याला मसीह म्हटले आहे, देवाचा शब्द म्हटले आहे, त्याच्यापासूनचा आत्मा म्हटले आहे. इथपर्यंत ख्रिस्ती वाचक मान डोलावील. पुढच्या पायरीवर वाटा फुटतात. हा ईसा देव नाही, देवाचा पुत्र नाही, देवाचा दास आहे. त्रैक्याचा तेथे स्पष्ट निषेध आहे. त्याला शत्रूंनी क्रूसावर मारले नाही, तसा त्यांना भास झाला, देवाने त्याला आपल्याकडे उचलून घेतले, असे कुराण सांगते. ज्या क्रूसावर ख्रिस्ती धर्माचे सारे तारणशास्त्र उभे आहे, तो क्रूसच येथे नाही. मंडळी, हा मतभेद किरकोळ नाही. 'शेवटी सगळे धर्म एकच सांगतात' असे म्हणून तो मिटविता येत नाही, आणि तसे म्हणण्यात दोन्ही बाजूंचा थोडा अपमानच होतो असे मला वाटू लागले आहे.

कुराणाच्या जोडीने मुसलमान सूफी व वैराग्यवादी परंपरेत ईसाच्या कथांचे एक स्वतंत्र भांडार साठत गेले. तारिफ खालिदी या विद्वानाने २००१ साली अरबी ग्रंथांतून अशी तीनशेहून अधिक वचने व कथा एकत्र करून इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. या कथांतला ईसा म्हणजे घरदार नसलेला, लोकरी वस्त्र पांघरून फिरणारा विरक्त. त्याच्याजवळ एक फणी आणि एक पेला एवढीच मालमत्ता होती. एक मनुष्य बोटांनी दाढी विंचरताना दिसला, तेव्हा त्याने फणी टाकली. दुसरा ओंजळीने पाणी पिताना दिसला, तेव्हा पेलाही टाकला. मेलेल्या कुत्र्याजवळून जाताना शिष्यांनी नाक दाबले, तर हा म्हणाला की त्याचे दात किती शुभ्र आहेत पाहा. दत्तसंप्रदायातील अवधूताच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा माणूस लगेच जवळचा वाटतो. बुलंद दरवाजावरचे वचन याच भांडारातले आहे.

या दोन धर्मांची भेट सिक्रीच्या हजार वर्षे आधी कशी झाली, हेही सांगितले पाहिजे. सुमारे ६१५ साली मक्केतील छळाला कंटाळून मुहंमदांचे काही अनुयायी समुद्र ओलांडून हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला गेले. तेथील राजा, नजाशी, ख्रिस्ती होता. कुरेशांचे वकील भेटवस्तू घेऊन त्यांच्यामागोमाग दरबारात आले आणि या पळपुट्यांना आमच्या हवाली करा म्हणाले. इब्न इसहाकने आठव्या शतकात लिहिलेल्या प्रेषितचरित्रात ही हकीकत आहे. राजाने निर्वासितांना बोलावले. त्यांच्यातील जाफरने मरियम-सूरेचा आरंभ म्हणून दाखविला, तो ऐकून राजाच्या आणि त्याच्या धर्मगुरूंच्या डोळ्यांत पाणी आले. पण कुरेशांचा वकील चतुर होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला आणि म्हणाला, महाराज, हे लोक ईसाविषयी काय भयंकर बोलतात ते तर विचारा!

निर्वासितांपुढे पेच उभा राहिला. राजाला गोड वाटेल असे बोलावे, तर प्राण वाचतात. त्यांनी आपसांत ठरविले की जे आपल्याला शिकविले आहे तेच सांगायचे. जाफर म्हणाला की, ईसा हा देवाचा दास, त्याचा प्रेषित, त्याचा आत्मा आणि कुमारी मरियमच्या ठायी घातलेला त्याचा शब्द आहे. 'पुत्र' हा शब्द त्याने उच्चारला नाही. राजाने जमिनीवरची एक काडी उचलली आणि तुम्ही म्हणता त्याहून ईसा या काडीएवढाही अधिक नाही, असे सांगितले. धर्मगुरू संतापाने फुरफुरले. राजाने निर्वासितांना अभय दिले आणि वकिलांच्या भेटी परत केल्या. हकीकत मुसलमान परंपरेची आहे, त्यामुळे राजाच्या तोंडी घातलेले उद्गार त्या बाजूला झुकलेले असणार हे उघड आहे. तरीही या कथेत मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा दिवस. पहिल्या दिवशी जे अश्रू आले ते साम्यामुळे. दुसऱ्या दिवशी भेद उघड झाला, राजाचे धर्मगुरू नाराज झाले, आणि तरी अभय कायम राहिले.

हा आदर दोन्ही बाजूंनी सारखा होता असे मात्र म्हणता येत नाही, आणि इतिहासकाराने ते झाकू नये. मुसलमानाला येशू मानावाच लागतो; ख्रिस्ती मनुष्याला मुहंमदांना प्रेषित मानण्याचे काही बंधन नाही. ७८१ च्या सुमारास बगदादमध्ये खलिफा अल-महदीने ख्रिस्ती धर्माधिपती तिमथी याला मुहंमदांविषयी विचारले, तेव्हा ते प्रेषितांच्या मार्गाने चालले असे त्याने उत्तर दिले. प्रेषित होते असे तो म्हणाला नाही, आणि खलिफानेही त्याला त्याबद्दल दंड केला नाही. पुढे १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला, ते येशूला प्रेषित म्हणून व मरियेला कुमारी माता म्हणून मान देतात याची कृतज्ञ नोंद घेतली. त्या निवेदनातही मुहंमदांचे नाव नाही.

आता आपल्या प्रदेशाकडे वळतो. १५७९ साली अकबराचा वकील गोव्याला पोहोचला. धर्मशास्त्र व शुभवर्तमान यांचे ग्रंथ घेऊन दोन विद्वान पाद्री आपल्याकडे पाठवावेत, अशी बादशहाची विनंती होती. जेझुइटांनी तिघांना निवडले. प्रमुख रुदोल्फो आक्वाविवा हा जेमतेम तिशीचा इटालियन, सरदार घराण्यातला, तपस्वी वृत्तीचा. दुसरा आंतोनियो मॉन्सेरात, कातालान प्रांतातला, बारीक निरीक्षण करून टिपणे ठेवणारा. तिसरा फ्रान्सिस्को हेन्रिक्स, होर्मुझमध्ये जन्मलेला, मूळचा मुसलमान, त्यामुळे फारसी जाणणारा. १७ नोव्हेंबर १५७९ रोजी हे लोक गोव्याहून निघाले. येथे एक गोष्ट मराठीचा अध्यापक म्हणून मला सांगावीशी वाटते. त्याच्या तीनच आठवडे आधी, २४ ऑक्टोबर रोजी, थॉमस स्टीफन्स नावाचा तरुण इंग्रज जेझुइट गोव्याच्या बंदरात उतरला होता. तोच पुढे 'ख्रिस्तपुराण'कार फादर स्टीफन्स झाला. एक वाट उत्तरेकडे बादशहाच्या दरबारी गेली, दुसरी साष्टीच्या खेड्यांत मराठीकडे वळली. या दोन वाटांकडे मी थोड्या वेळाने पुन्हा येईन.

दमण, सुरत, मांडू, उज्जैन, सारंगपूर, सिरोंज, नरवर असा प्रवास करीत ही मंडळी आपल्या ग्वाल्हेरवरून गेली. मॉन्सेरातने किल्ल्याचे वर्णन केले आहे, आणि त्यात एक नोंद अशी आहे की ती वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. येथील खडकात कोरलेल्या तेरा मूर्तींचा तो उल्लेख करतो; मधली मूर्ती ख्रिस्ताची आणि दोन बाजूंच्या सहा-सहा त्याच्या बारा शिष्यांच्या, अशी समजूत तो नोंदवितो. गोपाचलाच्या कड्यावर काय कोरलेले आहे हे आपल्यापैकी प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक आहे. तोमर राजांच्या काळात, पंधराव्या शतकात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या त्या विशाल प्रतिमा! त्यांतल्याच एखाद्या ओळीकडे पाहून दूरच्या प्रवाशाला आपला प्रभू आणि आपले प्रेषित दिसले असावेत, असा माझा तर्क आहे. मला हसू आले नाही. बुलंद दरवाजाखाली उभे राहून मी जे केले होते तेच मॉन्सेरातने केले होते. परक्या दगडावर आपल्या ओळखीचे नाव दिसताच दोघांनीही पुढे विचारायचे सोडून दिले होते.

फेब्रुवारी १५८० च्या अखेरीस मंडळी सिक्रीला पोहोचली. काही दिवसांत त्यांनी अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल बादशहाला अर्पण केले. अकबराने पगडी उतरवून एकेक खंड मस्तकी धरला, त्याचे चुंबन घेतले, आणि शुभवर्तमान कोणत्या खंडात आहे ते विचारून त्याला विशेष मान दिला. मरिया व बाळ येशू यांचे चित्र पाहून त्याने मुसलमानी, ख्रिस्ती आणि हिंदू अशा तिन्ही रीतींनी प्रणाम केला, असे पाद्री लिहितात. शाहजादा मुराद याला मॉन्सेरातकडे शिकायला बसविले. शुभवर्तमानाचा फारसी अनुवाद करण्याचे काम अबुल फजलकडे सोपविले, याला तर कट्टर बदायुनीचीही साक्ष आहे.

गोव्याला आणि रोमला आनंदाची पत्रे गेली. बादशहा आता ख्रिस्ती होणार! हा गैरसमज कशातून झाला ते आता आपल्याला समजू शकते. ईसाच्या नावाने मान लववणे, मरियमच्या चित्रापुढे नम्र होणे, इंजील मस्तकी धरणे, यांतले काहीही करायला अकबराला मुसलमानपण सोडावे लागत नव्हते. तसे करणारा कोणताही सुशिक्षित मुसलमान आपल्याच श्रद्धेतला एक भाग आचरीत होता. पाद्र्यांना मात्र प्रत्येक नमस्कार ही बाप्तिस्म्याकडे टाकलेली पायरी वाटली. बादशहाचे अडसर वेगळेच होते. देवाला पुत्र कसा, एकातच तीन कसे, आणि देव असता तर क्रूसावरून खाली का उतरला नाही, हे त्याला कळत नव्हते आणि ते तो पुनःपुन्हा विचारी. दरबारातील मुल्लांचीही फसगत तशीच झाली. हे पाद्री आपल्याच ईसाविषयी काहीतरी बिघडवून सांगत आहेत, अशी त्यांची धारणा. दोन्ही पक्षांच्या जिभेवर नाव एकच होते, त्यामुळे आपण एकाच व्यक्तीविषयी बोलत आहोत या भ्रमात वाद रात्ररात्र इबादतखान्यात रंगत. पाद्र्यांची मुहंमदांविषयीची भाषा पुष्कळदा इतकी कडवट असे की बादशहाच्या संरक्षणावाचून ते जिवंत राहिले नसते. एकदा कोणी सुचविले की कुराण व शुभवर्तमान हाती घेऊन दोघांनी अग्नीत शिरावे, जो वाचेल त्याचा धर्म खरा. आक्वाविवाने नकार दिला. मला वाटते, त्या साऱ्या वादांत हा एक शहाणपणाचा क्षण होता.

१५८३ च्या आरंभी निराश आक्वाविवा परत निघाला. पुढचा भाग गोव्यातील मराठी माणसे जाणतात, उत्तरेत तो फारसा कोणी सांगत नाही. त्याला साष्टीचा प्रमुख नेमण्यात आले. साष्टीत पोर्तुगीजांनी देवळे पाडली होती, आणि त्या कामात काही पाद्र्यांनी स्वतः हात लावला होता. जुलै १५८३ मध्ये आक्वाविवा चार सहकाऱ्यांसह कुंकळ्ळीला चर्चसाठी जागा पाहण्यास गेला. संतप्त गावकऱ्यांनी पाचही जणांना व त्यांच्याबरोबरच्या काही ख्रिस्ती लोकांना ठार केले. नंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलणीसाठी आसोळणाच्या किल्ल्यात बोलावले आणि तेथे त्यांची कत्तल केली. चर्चने १८९३ साली आक्वाविवाला धन्य घोषित केले. कुंकळ्ळीत त्या मारल्या गेलेल्या गावकऱ्यांचेही स्मारक आज उभे आहे.

तीन वर्षे मुसलमान बादशहाच्या दरबारात, त्याच्या प्रेषिताविषयी कठोर बोलूनही, ज्याच्या केसाला धक्का लागला नाही, तो मनुष्य आपल्याच लोकांच्या राज्यात मारला गेला. कारण ते राज्य तेथल्या रयतेला तेवढेही अभय देत नव्हते. सिक्रीत एक सामायिक प्रेषित होता, त्याच्या आधाराने निदान बोलणे सुरू होऊ शकले. कुंकळ्ळीच्या शांतादुर्गेत आणि आक्वाविवाच्या धर्मात असे सामायिक काहीच नव्हते. प्रेषित सामायिक असलेल्यांपुरताच जो आदर असतो, त्याची मर्यादा येथे दिसते, आणि हिंदू म्हणून माझ्यापुरती ती मला बोचते. शिवाय सामायिक प्रेषित असूनही तो आदर नेहमी टिकतोच असे नाही. शाहजहानने १६३२ साली हुगळी घेतली त्यानंतर आग्र्याच्या ख्रिस्ती लोकांना काय सोसावे लागले, ते वाचले म्हणजे पुरे.

जेझुइट पुन्हा आले. १५९५ साली लाहोरला आलेला जेरोम झेवियर हा सेंट फ्रान्सिस झेवियरच्या बहिणीचा नातू. तो तब्बल वीस वर्षे मोगल दरबारात राहिला. फारसी शिकला, आणि १६०२ साली त्याने अकबराला 'मिरात-उल-कुद्स' नावाचे फारसी ख्रिस्तचरित्र अर्पण केले; त्याला 'दास्तान-इ-मसीह' असेही म्हणतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शुभवर्तमानाचा अनुवाद ज्याच्याकडे सोपविला होता तो अबुल फजल, दक्षिणेतून परतत असता, शाहजादा सलीमच्या चिथावणीने वीरसिंह बुंदेल्याकडून मारला गेला. आपल्या आंतरीला त्याची कबर आहे. झाशीच्या रस्त्याने जाणारे किती जण तेथे थांबतात?

आता त्या दोन वाटा. झेवियरचे फारसी चरित्र १६०२ चे, आणि फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' रायतूरला १६१६ साली छापलेले. एकाच संघाच्या दोन पाद्र्यांनी चौदा वर्षांच्या आत एकाच जीवनाची दोन भारतीय रूपे लिहिली. माझ्या माहितीतल्या मराठी अभ्यासकांनी स्टीफन्सवर पुष्कळ लिहिले, पण झेवियरशेजारी ठेवून त्याला फारसे कोणी पाहिलेले नाही. स्टीफन्सचे श्रोते नवख्रिस्ती झालेले साष्टीकर होते. जुनी पुराणे आता वाचता येत नाहीत, तर आमच्यासाठी नवे काही द्या, अशी मागणी एका ब्राह्मणाने केल्याचे तो ग्रंथातच सांगतो. म्हणून तो सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचतो आणि स्वर्गाला बेधडक वैकुंठ म्हणतो. त्याच्या श्रोत्यांना येशू माहीतच नव्हता, त्यामुळे परक्या माणसाला ओळखीच्या शब्दांत आणणे हे त्याचे काम. झेवियरची अडचण नेमकी उलटी होती. त्याच्या वाचकाला ईसा आधीच माहीत होता, किंबहुना फारच चांगला माहीत होता. ओळखीच्या नावातून अनोळखी माणूस बाहेर काढून दाखविणे हे त्याच्यापुढचे काम होते. क्रूसावरील मृत्यू हा भाग, जो वाचकाला मान्यच नव्हता, तो त्याने सविस्तर सांगितला आहे. १६३९ साली लुडोविकस द दिय या प्रॉटेस्टंट पंडिताने लायडन येथे हा ग्रंथ लॅटिन भाषांतरासह छापला, आणि शुभवर्तमानाबाहेरच्या दंतकथा मिसळल्याबद्दल झेवियरला धारेवर धरले. म्हणजे येशूविषयीचे भांडण ख्रिस्ती घरातही मिटलेले नव्हतेच!

परंतु या साऱ्या कथेत मला सर्वांत आदरणीय वाटतो तो झेवियर नव्हे, त्याचा सहकारी. अब्दुस्सत्तार इब्न कासिम लाहोरी हा मुसलमान विद्वान. बादशहाच्या आज्ञेवरून तो फिरंग्यांची भाषा शिकला, झेवियरबरोबर बसून त्याने ते ख्रिस्तचरित्र फारसीत घडविले, ग्रीक-रोमन तत्त्ववेत्त्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ओळीओळीला झेवियरशी त्याची चर्चा झाली असणार. 'पुत्र' या शब्दासाठी, 'क्रूस' या शब्दासाठी कोणता फारसी शब्द चालेल यावर दोघे अडले असतील. पुढे जहांगीरच्या दरबारी १६०८ ते १६११ या काळात रात्रीच्या बैठकींत जे बोलणे होई त्याची त्याने टिपणे ठेवली. 'मजालिस-इ-जहांगीरी' हा तो ग्रंथ २००६ साली तेहरानमध्ये प्रथमच छापला गेला. त्यात हाच अब्दुस्सत्तार पाद्र्यांशी वाद घालताना दिसतो. तो ख्रिस्ती झाला नाही. झेवियरही मुसलमान झाला नाही. पण दुसरा काय म्हणतो आहे हे त्या दरबारात खरोखर जाणणारे जर कोणी असतील, तर ते हे दोघे होते.

श्रोतेहो, वेळ बराच झाला, आणि माझे सांगणेही संपत आले आहे. एक वैयक्तिक काम तेवढे उरले. १९८८ च्या त्या सहलीतल्या विद्यार्थिनीचा पत्ता माझ्यापाशी नाही. लग्न होऊन ती इंदूरला गेली की बडोद्याला, ठाऊक नाही. शाळा ही पुस्तिका माजी विद्यार्थ्यांना पाठविते, तेव्हा कदाचित तिच्याही हाती पडेल. तिच्या वहीत माझे जुने उत्तर असेल तर तिने त्यावर एकच आडवी रेघ मारावी, आणि शेजारी असे लिहावे: ते वचन गोव्याच्या पाद्र्यांनी आणलेले नव्हते, ते बायबलात नाही, मुसलमानांच्या ग्रंथांत आहे, आणि ज्या ईसाच्या नावाने ते कोरले आहे तो त्या मशिदीत पाहुणा नव्हता.